एकाच चित्रपटाची चौथी खरेदी

औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या शिक्षकाच्या वा कचेरीत नोकरी करणाऱ्या कारकुनाच्या घरातील भिंतीतले कपाट उघडून पाहिले, तर गेल्या चाळीस वर्षांच्या करमणुकीचा इतिहास त्यात थराथराने रचलेला आढळतो. सर्वांत खाली काळ्या व्हिडिओ कॅसेटी, त्यांच्या कण्यावर पेनाने लिहिलेली लग्नाची तारीख. त्यांवर दोन-दोन तबकड्यांच्या पातळ पाकिटांत मराठी नाटके आणि चित्रपट. त्यांवर डीव्हीडीची उभी खोकी. एखादा आवडता चित्रपट या तिन्ही थरांत सापडावा, म्हणजेच तो एकाच कुटुंबाने तीनदा विकत घेतलेला असावा, यात नवल वाटण्यासारखे काही उरलेले नाही. आता चौथ्या खरेदीचा आग्रह होतो आहे. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा ब्लू-रे यंत्राची माहिती आणतो, अमेरिकेतील भाचा ‘फोर-के’ तबकडीचे गुणगान करतो, आणि घरातील कर्त्या माणसापुढे प्रश्न उभा राहतो की, जुना संग्रह नव्या तबकडीवर नेण्यासाठी पैसा घालावा की नाही.

ज्या जिल्ह्यात पावसाने ओढ दिली की सोयाबीनचे आणि हळदीचे सारे गणित कोसळते, तेथे हा प्रश्न चैनीचा वाटेल. तसा तो आहेही. परंतु मध्यमवर्गाचा पैसा मोठ्या खर्चात सहसा वाया जात नाही. घर बांधताना तो चार ठिकाणी चौकशी करतो, मुलीच्या लग्नाचा खर्च वहीत उतरवतो. पैसा झिरपतो तो शे-दोनशे रुपयांच्या खरेदीतून. कारण तेथे हिशेब मांडण्याची त्याला सवय नसते आणि विक्रेत्याला मात्र तीच असते. शिवाय या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. मराठी चित्रपट आणि मराठी घरांच्या आठवणी पुढच्या पिढीला पाहावयास मिळणार की नाही, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर दुकानात मिळण्यासारखे नाही.

प्रथम थोडा इतिहास. सोनी कंपनीने ‘बीटामॅक्स’ ही कॅसेट १९७५ मध्ये आणली, तिच्या पाठोपाठ १९७६ मध्ये जेव्हीसीची ‘व्हीएचएस’ आली, आणि दोघींच्या भांडणात व्हीएचएस जिंकली. भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिचे बोट धरून व्हिडिओ आला. तोवर जत्रेतील तंबूत टुरिंग टॉकीज पाहणाऱ्या मराठवाड्यातील माणसाने व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीपुरता भाड्याने आणून पहाटेपर्यंत सलग तीन चित्रपट पाहण्याचा विक्रम याच काळात केला. १९९३ मध्ये व्हिडिओ सीडी निघाली. तिच्यावर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावत असे. म्हणून आपल्याकडील एका चित्रपटाला दोन, क्वचित तीन तबकड्या लागत, आणि मध्यंतर नायिकेच्या गाण्यात होई. चित्राची प्रत कॅसेटीहून फारशी सरस नव्हती. पण फीत गुंडाळावी लागत नव्हती, तिच्यावर बुरशी चढत नव्हती, आणि मुख्य म्हणजे तबकडी छापण्याचा खर्च अगदी थोडा होता. १९९६ मध्ये डीव्हीडी आली. मोझर बेअर या भारतीय कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास काढली, तेव्हा चोरट्या प्रतीहून अस्सल प्रत स्वस्त झाली. लहान गावांतील घरोघरच्या संग्रहांचा बराच भाग त्या चार-पाच वर्षांतला आहे. ती कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश झाला. दरम्यान २००६ मध्ये ब्लू-रे आणि तोशिबाची ‘एचडी-डीव्हीडी’ अशा दोन नव्या तबकड्या एकाच वेळी बाजारात आल्या होत्या. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने माघार घेतली, आणि ज्यांनी घाईने तिची यंत्रे घेतली होती ते मोकळ्या हाताने उरले. फोर-के चित्राची ‘अल्ट्रा एचडी’ ब्लू-रे २०१६ मध्ये आली.

टिकाऊपणाची अडचण

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या घटनाक्रमातील तंत्र दुय्यम आहे. मुख्य गोष्ट वेगळीच आहे. १९७२ मध्ये रोनाल्ड कोस यांनी टिकाऊपणा आणि मक्तेदारी या विषयावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आशय साध्या भाषेत असा : जी वस्तू कधीच झिजत नाही तिचा मक्तेदार स्वतःच स्वतःचा प्रतिस्पर्धी असतो. आज ज्याला त्याने वस्तू विकली तो गिऱ्हाईक उद्या परत येणार नाही, आणि ज्याने आज घेतली नाही तो उद्या किंमत उतरेल म्हणून थांबून राहील. या कोंडीतून सुटण्याचे जे मार्ग कोस यांनी सांगितले त्यांतील दोन येथे महत्त्वाचे आहेत. एक, वस्तूचा टिकाऊपणा कमी करणे. दुसरा, वस्तू न विकता भाड्याने देणे.

चित्रपट ही अशी न झिजणारी वस्तू आहे. एकदा पाहिल्याने तो कमी होत नाही, आणि त्याचा हक्क एकाच धन्याकडे असतो. मग त्या धन्याने काय करावे? १९२४ मध्ये युरोप-अमेरिकेतील विजेच्या दिव्यांच्या कारखानदारांनी ‘फीबस’ नावाची संगनमताची संघटना स्थापून दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणून ठेवले होते. तबकडीच्या व्यापाराला इतके उघड काही करावे लागत नाही. तबकडी शाबूत राहते; तिचे यंत्र मात्र दुकानातून नाहीसे होते. फ्युनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनविणे थांबविले, आणि त्या दिवसापासून जगातील सगळ्या कॅसेटी, त्यांत काहीही बिघाड न होता, म्हाताऱ्या झाल्या. कोस यांचा पहिला मार्ग तो हाच. दुसरा मार्ग, म्हणजे भाड्याचा, तो आज मोबाइलच्या पडद्यावर मासिक वर्गणीच्या रूपाने आपल्या परिचयाचा झाला आहे.

यावर असे म्हटले जाईल की, नव्या तबकडीत सुधारणा खरीच आहे. तिला केवळ व्यापारी कावा म्हणणे अन्यायाचे होईल. हा आक्षेप योग्य आहे. व्हीसीडीच्या चित्रात आडव्या दिशेने ३५२ ठिपके असतात, डीव्हीडीत ७२०, ब्लू-रेत १९२० आणि अल्ट्रा एचडीत ३८४०. सीडी वाचणारा किरण ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा आणि ब्लू-रेचा ४०५ चा. किरण जितका बारीक तितकी अक्षरे बारीक लिहिता येतात, म्हणून त्याच आकाराच्या तबकडीवर एका थरात सीडीवर ७०० मेगाबाइट, डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट आणि ब्लू-रेवर २५ गिगाबाइट मजकूर मावतो. ही प्रगती लहान नव्हे. पण तबकडीवर काय मावते आणि घरात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत काय मावते, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत.

डोळ्याचा हिशेब

निरोगी डोळ्याला साधारणतः एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखता येतो. आठ फुटांवरून हा फरक ०.७ मिलिमीटर भरतो. ३२ इंची पडद्याची रुंदी सुमारे ७१ सेंटिमीटर असते. तिच्यावर डीव्हीडीचा एक ठिपका जवळजवळ एक मिलिमीटरचा, ब्लू-रेचा ०.३७ मिलिमीटरचा आणि फोर-केचा त्याच्याही निम्मा. म्हणजे डीव्हीडीवरून ब्लू-रेकडे गेल्यास चित्र थोडे नेटके झालेले दिसेल. पण ब्लू-रेच्या ठिपक्यांतील निम्मा बारकावा डोळ्यापर्यंत पोचण्यापूर्वीच हवेत विरतो, आणि फोर-केचा तर सगळाच. पडदा ५५ इंची केला, तरी आठ फुटांवरून ब्लू-रेचा ठिपका ०.६३ मिलिमीटरचाच राहतो. तेव्हाही त्यापुढच्या पायरीचे पैसे ठिपक्यांच्या दृष्टीने फुकटच. फोर-के तबकडीत रंगांचा आणि उजेडाचा पल्ला अधिक असतो हे खरे आहे, परंतु तो दाखविणारा टीव्हीही तसाच महाग असावा लागतो. दहा बाय बाराच्या खोलीत, भिंतीला टेकून जेवण करता करता बातम्या पाहणाऱ्या कुटुंबापुढे हा हिशेब विक्रेता कधीच मांडत नाही.

आता रुपयांचा हिशेब. समजा एका घरी १५० डीव्हीडी आहेत, आणि नवी तबकडी सरासरी ७०० रुपयांना पडते. संग्रह बदलण्यास १,०५,००० रुपये लागतील. यंत्राचे १५,००० धरले तर १,२०,०००. ही रक्कम बँकेत ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवली असती, तर वर्षाला ८,४०० रुपये, म्हणजे महिन्याला ७०० रुपये व्याज आले असते. एवढ्या रकमेत घरी दोन दैनिके आणि एखादे मासिक येऊनही पैसे उरतात. बरे, आठवड्याला एक या वेगाने हे १५० चित्रपट एकदा पाहून संपवायला जवळजवळ तीन वर्षे लागतील. यातले किती चित्रपट दुसऱ्यांदा पाहिले जातील, हे प्रत्येकाने आपापल्या कपाटावरील धूळ पाहून ठरवावे. संग्रहातील पहिल्या दहा-बारा चित्रपटांची उपयोगिता मोठी असते. त्यानंतर ती झपाट्याने घसरते, आणि शंभरावा चित्रपट केवळ रांग पूर्ण दिसावी म्हणून तेथे उभा असतो. या शंभराव्या चित्रपटासाठी पहिल्या चित्रपटाइतकीच किंमत पुन्हा मोजणे, हे सीमान्त उपयोगितेचा धडा वर्गात शिकवणाऱ्यानेही घरी केलेले दिसते.

मराठी माणसाच्या बाबतीत एक अडचण आणखी आहे. ज्या चित्रपटांवर त्याचे खरे प्रेम आहे ते नव्या तबकडीवर मुळी आलेलेच नाहीत. डीव्हीडीच्या काळात मराठी चित्रपट आणि नाटके भरपूर निघाली. ब्लू-रेची पायरी मराठी चित्रपट जवळजवळ चढलाच नाही. तेव्हा ‘संग्रह नवा करणे’ याचा प्रत्यक्ष अर्थ मराठी संग्रह बाजूला सारून हॉलिवुडचा आणि थोडा हिंदीचा संग्रह विकत घेणे, असा होतो. परदेशातील आप्तांनी आणलेल्या तबकड्यांचीही तीच कथा. तबकड्यांचा व्यापार जगाचे विभाग पाडून चालतो. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात आणि अमेरिका पहिल्या विभागात आहे. ब्लू-रेसाठी भारत ‘सी’ विभागात आणि अमेरिका ‘ए’ विभागात. न्यू जर्सीहून सुटीत आलेल्या भाच्याने प्रेमाने दिलेली तबकडी औंढ्याच्या यंत्रात फिरते, पण यंत्र ती वाचण्यास नकार देते. अल्ट्रा एचडीत हे विभाग काढून टाकले आहेत, पण ती पाहण्याजोगा पडदा घरात नाही.

आणि ज्या पायरीवर चढण्याचा आग्रह होतो आहे, ती जिन्याची शेवटचीच पायरी असण्याचा संभव दिसतो. ब्लू-रेची यंत्रे बनविणारे एकामागून एक बाजार सोडून जात आहेत. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजारासाठी नवी यंत्रे काढणे बंद केले, एल. जी. ने २०२४ च्या अखेरीस हात आवरता घेतला. घरी मुद्रण करण्याच्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. कॅसेटीवरून तबकडीकडे वळताना माणूस निदान चढत्या बाजारात उतरत होता. आज तसे म्हणता येत नाही. डीव्हीडी हाती असणाऱ्याला तर घाईचे काहीच कारण नाही. ब्लू-रेचे यंत्र जुन्या डीव्हीडीही चालविते, आणि चित्र थोडे सफाईने दाखविते. उद्या डीव्हीडीचे यंत्र बिघडले, तर एक चांगले यंत्र घ्यावे आणि तबकड्या त्याच ठेवाव्यात, यात सगळा व्यवहार आटोपतो.

या सर्व चर्चेत कपाटाच्या सर्वांत खालच्या थराची आठवण कोणी काढत नाही. आणि खरी निकड तेथेच आहे. लग्नाची, बारशाची, आजोबांच्या एकसष्टीची कॅसेट जगात एकच असते. चित्रपटाची तबकडी खराब झाली तर तिची दुसरी प्रत कोठे ना कोठे सापडेल. आजीने नातवाला मांडीवर घेतल्याचे चित्रण पुसले गेले की ते कायमचे पुसले गेले. चुंबकीय फितीचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे धरले जाते. १९९० च्या आसपास लागलेल्या लग्नांच्या कॅसेटी ती मर्यादा ओलांडून बसल्या आहेत. २००० नंतरच्या दशकात लग्नाचे छायाचित्रण करणाऱ्यांनी ‘मिनी डीव्ही’ नावाची छोटी कॅसेट वापरली. तिचे उत्पादनही सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्येच संपविले. घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडींवर विसंबणे धोक्याचे, कारण कारखान्यात ठसा मारून काढलेल्या तबकडीत मजकूर खड्ड्यांच्या रूपाने कोरलेला असतो, तर घरी लिहिलेल्या तबकडीत तो रंगद्रव्याच्या थरात असतो, आणि मराठवाड्यातील मे महिन्याच्या पत्र्याखालच्या उष्म्यात हा थर फिका पडतो.

अशी कॅसेट नव्या रूपात आणताना मोठ्या क्षमतेच्या महागड्या तबकडीचा आग्रह धरणे मात्र निरर्थक आहे. व्हीएचएसच्या फितीत आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांएवढाच तपशील असतो. २५ गिगाबाइटच्या तबकडीवर उतरविल्याने त्यात नवा तपशील उगवत नाही. तांब्यातील पाणी रांजणात ओतल्याने वाढत नाही, तसेच हे. येथे एक विलक्षण विषमता ध्यानात येते. १९३६ च्या चित्रपटाची ३५ मिलिमीटरची फिल्म जर नीट राखली गेली असेल, तर आजच्या यंत्राने तिच्यातून ब्लू-रेलाही पुरून उरेल इतका तपशील काढता येतो. १९९८ च्या लग्नाच्या कॅसेटीतून तो कधीच निघणार नाही. जुने ते अधिक स्पष्ट आणि अलीकडचे ते अधिक धूसर, असा हा उलटा न्याय आहे. म्हणून घरगुती फितींच्या बाबतीत प्रश्न चित्राच्या सफाईचा राहत नाही. ती फीत फिरवणारे चालू स्थितीतील यंत्र आणि ते वापरणारा माणूस अजून सापडतो आहे तोवर ती एकदा उतरवून घेणे, आणि उतरवलेल्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवणे, एवढाच तो आहे. वर मांडलेल्या १,२०,००० रुपयांच्या एका लहानशा भागात हे काम होते. घरातील डीव्हीडींचा सगळा मजकूरसुद्धा फार नसतो : १५० तबकड्या प्रत्येकी ८.५ गिगाबाइटच्या धरल्या, तरी दोन टेराबाइटच्या एका हार्ड डिस्कमध्ये त्या मावून जागा उरते.

येथे कायद्याचा अडसर येतो. प्रताधिकार कायदा खासगी वापरासाठी केलेल्या उचित व्यवहाराला मान्यता देतो. पण त्याच कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, हक्कभंगाच्या हेतूने तबकडीवरील कुलूप तोडणे हा गुन्हा ठरविला आहे. स्वतः विकत घेतलेल्या तबकडीची स्वतःसाठी प्रत काढणारा गृहस्थ या दोन कलमांच्या मधोमध उभा आहे. त्याच्यावर कोणी खटला भरील असे नाही. तथापि ज्या देशात पिढ्यान्‌पिढ्या पोथ्यांच्या नकला उतरवून ज्ञान टिकविले गेले, तेथे नक्कल करणाऱ्याला संशयाच्या छायेत ठेवणारा कायदा असावा, हे विचित्रच आहे.

तबकडीचे अभिमानी एक मुद्दा मांडतात, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ते म्हणतात, तबकडी निदान आमची आहे. वर्गणीवर दिसणारा चित्रपट आमचा नाही. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने वाचकांनी पैसे भरून घेतलेली जॉर्ज ऑर्वेल यांची पुस्तके त्यांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतली होती. त्यांत ‘१९८४’ ही कादंबरी होती, हा योगायोग ऑर्वेल यांनाही सुचला नसता. कॅलिफोर्निया राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा करून, अशा अंकीय वस्तू ‘विकत घ्या’ असे सांगताना प्रत्यक्षात केवळ परवाना दिला जात असेल तर तसे ग्राहकाला स्पष्ट सांगण्याचे बंधन घातले. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. भारतात असे बंधन घालण्याची वेळ आली आहे. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइलवरील जोडणी स्वस्त झाल्यापासून आपल्याकडील बहुसंख्य घरे कोस यांच्या दुसऱ्या मार्गावर, भाडेकरू म्हणून, नकळत येऊन पोचली आहेत. भाडे थकले की घर रिकामे करावे लागते, आणि मालकाने घर विकले तर भाडे वेळेवर भरूनही रिकामे करावे लागते. तेव्हा ज्या दहा-बारा चित्रपटांवाचून करमत नाही, त्यांची स्वतःच्या मालकीची एक प्रत घरात असावी, ही भूमिका रास्त आहे. ती प्रत सर्वांत नवी असलीच पाहिजे, हा आग्रह रास्त नाही.

पोथीची नक्कल

औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे स्थान म्हणून महाराष्ट्राला ठाऊक आहे. नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश येथेच मिळाला अशी परंपरा आहे, आणि ज्या नर्सीला नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते ती याच हिंगोली जिल्ह्यात आहे. नामदेवांची वाणी पंजाबपर्यंत गेली. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ती तेथवर टिकली याचे कारण कोणत्याही एका कागदाच्या टिकाऊपणात सापडणार नाही. कागद जीर्ण होण्यापूर्वी कोणीतरी दुसऱ्या कागदावर नक्कल करीत गेला, आणि गाणारे ती गात गेले. चित्रपटालाही दुसरी तऱ्हा नाही. तो दर पंधरा-वीस वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवावाच लागेल. मतभेद एवढाच आहे की, ही नक्कल प्रत्येक घराने आपापल्या खर्चाने, कंपनी सांगेल तेव्हा आणि कंपनी सांगेल त्या किमतीला करीत राहावी, की समाजाने एकदा नीट करून सर्वांच्या हाती द्यावी.

लाखो घरांनी तीच तबकडी पुन्हा विकत घेतल्याने मूळ चित्रपट एका दिवसानेही अधिक जगत नाही. तो जगतो तो मूळ फिल्म सांभाळल्याने. प्रभातच्या काळातील चित्रपट नायट्रेट फिल्मवर होते, आणि नायट्रेट ही स्फोटकाच्या जातीची वस्तू आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना पुण्यास १९६४ मध्ये झाली, आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गोदामे धुंडाळून असंख्य रिळे वाचविली. तरीही ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील नायट्रेटच्या साठ्याला आग लागून बराच अमोल ठेवा भस्मसात झाला. त्यानंतर सरकारने सुमारे ५९७ कोटी रुपयांचे राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान हाती घेतले. त्यातून चित्रपटांचे अंकीकरण आणि दुरुस्ती चालू आहे. २०२२ मध्ये संग्रहालयाचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले, तेव्हा या कामात व्यापारी दृष्टी शिरेल अशी भीती अनेकांनी व्यक्त केली होती. त्या भीतीला उत्तर देण्याचा सरळ मार्ग एकच आहे : जनतेच्या पैशाने दुरुस्त झालेले चित्रपट जनतेला पाहावयास मिळाले पाहिजेत, आणि तेही पुण्या-मुंबईच्या महोत्सवांपुरते नव्हे.

कायद्याची वाट त्याला बरीच मोकळी आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. १९३६ च्या ‘संत तुकाराम’वरील हा हक्क १९९६ अखेर संपला, १९५३ च्या ‘श्यामची आई’वरील २०१३ अखेर. गीते आणि संगीत यांचे हक्क स्वतंत्र असतात आणि ते त्यांच्या कर्त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतात, हा गुंता आहे. तो सोडवणे गावच्या ग्रंथपालाच्या आवाक्याबाहेरचे आहे. शासनाच्या सांस्कृतिक कार्य विभागाने एका बैठकीत नाही तरी एका वर्षात सोडवावा. दुसरी वाटही तयार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे, आणि त्याखाली ‘अ’पासून ‘ड’ वर्गापर्यंतची ग्रंथालये गावोगावी अनुदानावर चालतात. त्या अनुदानातून कादंबऱ्या घेता येतात, तर हक्कमुक्त मराठी चित्रपटांच्या चांगल्या प्रती का ठेवता येऊ नयेत? गावातील एका ग्रंथालयात एक उत्तम प्रत आली, की त्या गावातील शंभर कपाटांतील चौथी खरेदी अनावश्यक ठरते. सार्वजनिक वस्तूचे अर्थशास्त्र याहून अधिक गहन नाही.

पैशाची सबब येथे टिकणार नाही. याच औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले, आणि ते योग्यच झाले. कोट्यवधी वर्षांपूर्वी दूरच्या आकाशगंगेत झालेल्या कंपाची नोंद जेथे काळजीपूर्वक जपली जाणार आहे, त्या गावच्या शाळेतील मुलाला विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम पाहावयाचा असेल, तर आज त्याला जाहिरातींनी तुटलेली, कोणीतरी कोठूनतरी चढविलेली फिकट प्रत मोबाइलवर पाहावी लागते. हिंगोली जिल्ह्यातील ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाच्या ग्रंथालयांपासून आरंभ केला, तर पहिल्या वर्षी खर्च होईल तो एका प्रक्षेपकाचा, एका पांढऱ्या पडद्याचा, आणि शनिवारी संध्याकाळी वाचनालय दोन तास अधिक उघडे ठेवणाऱ्या माणसाच्या मानधनाचा.